अठरा अंशांवरची मराठी

ऐका हो ऐका! झाशी शहर, सिविल लाइंस येथील तमाम स्त्रीपुरुषांस, कूलरमध्ये बादल्या ओतणाऱ्यांस आणि एसीच्या झोताखाली नाक शिंकरणाऱ्यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या विमा कचेरीतल्या एसीचा रिमोट आता निर्विवादपणे माझ्या ताब्यात आहे. युद्ध संपलं. पुरुष पक्षाचा संपूर्ण विजय झाला. विजयी सेनापती या नात्याने मी हे निवेदन करतो आहे. ते करताना आवाज जरा घोगरा येत असेल, तर तो सर्दीमुळे आहे असं समजावं.

आधी रणभूमी सांगतो. आमची कचेरी म्हणजे एक लांब दालन. खिडक्या आहेत, पण त्या बंदच असतात. एसी एक. तो जिथे लावला आहे तिथून त्याचा झोत थेट बायकांच्या रांगेवर पडतो. पुरुषांची रांग पलीकडच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून. ती भिंत दुपारनंतर तव्यासारखी तापते, आणि एसीचं वारं तिथवर पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. म्हणजे एकाच दालनात इकडे मसूरी, तिकडे मे महिन्यातली झाशी. भांडण आमच्या स्वभावात नव्हतं, ते बांधकामात होतं.

त्यात वरून हुकूम. पुरुषांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय आणि बंद बूट घालावेत. बायकांनी कंपनीनं दिलेली साडी नेसावी. ती साडी अशी झिरझिरीत आणि गुळगुळीत, की वाळत घातली तर दोरीवर टिकायची नाही. आणि तिच्यावर शाल, स्वेटर, जाकीट काहीही दिसता कामा नये; आमचे मॅनेजर एरवी शालीकडे काणाडोळा करायचे, तेवढीच दया. ज्यांना उकडतं त्यांना गळ्यापर्यंत बांधायचं आणि ज्यांना गारठा लागतो त्यांना पातळ नेसवायचं, असा हा न्याय. हुकूम काढणारा माणूस बहुधा बागेत बसून काम करत असावा.

पुरुषांचे म्होरके होते आमचे क्लेमवाले भाईसाहब. विम्याचे दावे तपासणं हे त्यांचं काम, म्हणून हे नाव. उंच, रुंद, अस्सल बुंदेलखंडी माणूस. दुपारपर्यंत त्यांच्या टायचा रंग घामानं बदललेला असायचा. ते एकच मागणी करायचे, “अठारह!” आणि कुणी कुरकुर केली की म्हणायचे, “मैडम जी, आप तो ऊपर से ओढ़ सकती हैं। हम क्या उतारें?”

यावर बायकांच्या रांगेतून उत्तर यायचं, “जो उतारने लायक है वही उतारिए भैया। टाई।”

हे उत्तर देणाऱ्या त्या बाई. कचेरी त्यांना मैडम जी म्हणे. मी एकटाच बाई म्हणायचो. झाशीजवळच्या गुरसरायच्या. तिथली मराठी जहागीर कधीच गेली, पण तिच्याबरोबर आलेल्या घरांतली मराठी त्यांच्या तोंडी शाबूत होती. यजमान लवकर गेले, लेकीला एकटीनं वाढवलं, ती शिकून पुण्याला नोकरीला लागली. नऊ वर्षांपूर्वी बाई आमच्या शाखेत बदलून आल्या आणि थेट त्या झोताखालची खुर्ची त्यांच्या वाट्याला आली.

मी झाशीचाच. आमचे पूर्वज पेशवाईत इथं दप्तर सांभाळायला आले आणि बहुधा परत जायचं विसरले. लग्न राहून गेलं. का राहिलं, हा विषय मोठा आहे आणि त्यात माझाच दोष जास्त निघेल, म्हणून सोडून देऊ. घरात मी आणि आई होतो. आई गेली आणि घरातली मराठीही गेली. भावाची मुलं येतात, गोड आहेत, पण म्हणतात, “काका, समझ में सब आता है, बस निकलता नहीं।” भिंतींशी मराठीत बोलून पाहिलं. भिंतीही हिंदीवाल्याच निघाल्या.

तर बाई आल्या त्या पहिल्या दिवशीची गोष्ट. त्या खुर्चीत बसल्या, वर झोताकडे बघितलं, पिशवीत हात घातला आणि स्वतःशीच पुटपुटल्या, “बाई गं, पासोडी घरीच राहिली.”

पासोडी! जाड सुती पांघरूण. माझी आई शालीलाही पासोडीच म्हणायची, चादरीलाही पासोडीच. दोन वर्षं हा शब्द माझ्या कानावर पडला नव्हता. मी फाइल हातात धरून तसाच बसून राहिलो. आणि मग, रसिकहो, माझ्या हातून आयुष्यातला पहिला गुन्हा घडला. रिमोट माझ्या टेबलावर असायचा, कारण माझं टेबल दोन्ही रांगांच्या मधोमध. मी तो उचलला आणि एसी पंचविसावरून अठरावर आणला.

पाच मिनिटं गेली. बाई उठल्या. माझ्या टेबलावरच्या पाटीवरचं आडनाव त्यांनी वाचलं, आणि भर कचेरीत, खणखणीत मराठीत म्हणाल्या, “अहो, किती केलंय? माणसं बसलीत इथं, मटार नाहीत!”

मला त्या वेळी नक्की काय झालं ते सांगता येत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात गल्लोगल्ली मटार सोलत बसलेली माणसं असतात, पुढे तो मटार शीतगृहात जातो, हे सगळं मला ठाऊक. पण मराठीत कुणी माझ्यावर ओरडून किती दिवस झाले होते! मी रिमोट छातीशी धरला आणि म्हणालो, “बाई, पुरुषांच्या गळ्यात फास आहे. त्यांचा विचार नको?”

“फास रोज सकाळी आरशात बघून स्वतःच बांधता ना? मग सोडा की, रावसाहेब.”

“वरून हुकूम आहे.”

“वरून तर थंडीसुद्धा येतेय. ती बरी चालते!”

त्या दिवसापासून हा नेम झाला. रोज अकरा वाजता आमचे मॅनेजर फोनवरच्या बैठकीसाठी आपल्या खोलीत जायचे. अकराला पाच कमी असताना मी गुपचूप अठरा करायचो. अकराला बाई येऊन उभ्या राहायच्या. वाक्य तेच. पहिली तोफ तीच डागली जायची. मग कुठलंही भांडण. कचेरीला शब्द कळायचे नाहीत, हातवारे कळायचे. क्लेमवाले भाईसाहब घड्याळाकडे बघून जाहीर करायचे, “लो, ग्यारह बज गए। पानीपत शुरू।”

त्यांना वाटे आम्ही एसीवर भांडतोय. आम्ही दोन मिनिटं एसीवर भांडायचो. पुढची आठ मिनिटं आवाज तेवढाच चढा ठेवून, बोटं तशीच नाचवत, भलतंच बोलायचो.

“आणि डब्यात काय आणलंयत आज?” बाई डोळे वटारून विचारायच्या.

“फोडणीची पोळी!” मी टेबलावर हात आपटायचो.

“मोहरी जळली असणार. वास इथवर आलाय!”

“आई गेल्यापासून जळतेच आहे!”

“तेल तापलं की विस्तव कमी करायचा असतो! एवढंही शिकला नाहीत?”

आणि मागून भाईसाहब काळजीनं म्हणायचे, “जाने दीजिए मैडम जी, बाईस कर देते हैं।” मग बाई विजयी मुद्रेनं परत जायच्या आणि मी पराभूत चेहऱ्यानं डबा बाजूला सरकवायचो. एका पावसाळ्यात त्या असंच भांडता भांडता मला अळूवड्यांची अख्खी कृती सांगून गेल्या.

आता एक कबुली. हे मी कचेरीत कुणालाही सांगितलेलं नाही. मला उकडत नाही. मला थंडी वाजते. लहानपणापासूनच. अठरा अंशांत माझे दात वाजायचे. म्हणून मी शर्टाच्या आत आईनं विणलेली लोकरीची बंडी घालून यायचो. मे महिन्यात! बाहेर रस्त्यावर डांबर वितळतंय, माणसं तोंडाला गमछे बांधून चालतायत, आणि पुरुष पक्षाचा हा रिमोटधारी वीर आत लोकर घालून, वर टाय बांधून, स्कूटरवरून कचेरीत येतोय. दहा मिनिटांच्या त्या मराठीसाठी मी उरलेला दिवस कुडकुडत काढायचो आणि येता-जाता भाजून निघायचो. सौदा मला कधी महाग वाटला नाही.

एका वर्षी खंडेनवमीला मात्र घोटाळा झाला. नवरात्राच्या नवव्या दिवशी आपल्याकडे शस्त्रं आणि हत्यारं पुजतात. शस्त्रं गेली, मग आमच्या घरात विळी, अडकित्ता आणि माझी स्कूटर पुजली जायची. बाईंनी त्या सकाळी कचेरीत ताटली आणली आणि म्हणाल्या, “रावसाहेब, आपलं शस्त्र काढा.” मी रिमोट काढला. टेबलावर रुमाल अंथरून तो वर ठेवला. बाईंनी यथासांग ओलं हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, फुलाबरोबर चार थेंब पाणी. सगळी कचेरी हात जोडून उभी. भाईसाहबांनी तर डोळे मिटून घेतले होते.

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर रिमोटची वर-खाली करायची दोन्ही बटणं हलेनात. हळद आत गेली होती आणि एसी चोवीसवर अडकला होता.

चोवीस! पुरुष चरफडले, बायकांनी नाकं मुरडली, आणि तासाभरात सगळे गप्प बसून कामाला लागले. कुणालाच पूर्ण सुख नव्हतं, त्यामुळे कुणाचीच तक्रार नव्हती. मॅनेजर म्हणाले, “ये तो भगवान का फैसला है।” अकरा वाजले. बाईंनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं. मी रिमोट वर धरून हतबल हसलो. त्या परत कागदात बघू लागल्या. येणार कशासाठी? कारणच उरलं नव्हतं. असे तीन दिवस गेले. तीन दिवसांत मी मराठीतला एकही शब्द ऐकला नाही.

तिसऱ्या दिवशी मी रिमोट घरी नेला. देवघरातला वातींचा कापूस घेतला, स्पिरिटमध्ये भिजवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकेका बटणाच्या फटीतली हळद टोकरून काढली. इतक्या मन लावून मी परीक्षेचा अभ्यास केला नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना अठरा केलं आणि देवाचं नाव घेऊन बसलो.

बाई आल्या. रिमोट उचलून त्यांनी निरखून बघितला. एका बटणाच्या कडेला थोडी पिवळी रेघ राहिली होती. तिच्यावरून त्यांनी नख फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. आणि नेहमीपेक्षाही मोठ्यानं कडाडल्या, “अहो, किती केलंय? माणसं बसलीत इथं, मटार नाहीत!”

मी सांगतो, त्या दिवशी पुजलेलं शस्त्र फळलं.

पण कुठल्याही मोठ्या युद्धाचा घात तहानं होतो. मागच्या मे महिन्यात वरच्या कचेरीतून एक बडे साहेब पाहणीला येणार असं कळलं. मॅनेजरनी सगळ्यांना ताकीद दिली: टाय सैल दिसता कामा नये, शाल दिसता कामा नये. साहेब येण्याआधी बाईंनी पासोडीची घडी घालून ती खणात ठेवली आणि त्या साडीत झोताखाली ताठ बसल्या. मी त्यांच्याकडे बघितलं. दंडावर काटा आलेला इतक्या लांबून मला दिसत नव्हता, पण तो होता हे मला ठाऊक होतं.

मी सत्तावीस केलं. लढाईच्या ऐन मोक्यावर सेनापती फितूर झाला!

अर्ध्या तासात पुरुषांची रांग घामानं चिंब. भाईसाहबांचा चेहरा टोमॅटोसारखा. ते माझ्याकडे असे बघत होते की, त्यांच्याकडे माझा एखादा दावा आला असता तर त्यांनी जागच्या जागी फेटाळला असता. पण साहेबांसमोर माणूस टाय आणखी आवळून बसला. शेवटी ते बडे साहेबच घाम पुसत म्हणाले, “अरे भई, इतनी गरमी में टाई किसने पहनाई है इन लोगों को?” आता तो कुणी घालायला लावला, हे त्यांना कोण सांगणार! त्यांनी स्वतःचा टाय सोडला आणि सगळ्यांना खूण केली. सटासट टाय सुटले. मी एकटाच बांधून बसलो होतो. “आप भी, आप भी,” साहेब म्हणाले. नाइलाज झाला. टाय सोडला, वरचं बटण उघडलं, आणि आतून आईची तपकिरी लोकर बाहेर डोकावली.

कचेरीत कुणाचं लक्ष नव्हतं. बाईंचं होतं.

तीन आठवड्यांत नवा हुकूम आला. उन्हाळ्यात टाय नको, अर्ध्या बाह्या चालतील, बायकांनी वरून हवं ते पांघरावं. सगळं शहाणपणाचं, आठ वर्षं बाई जे ओरडून सांगत होत्या तेच. एसी पंचवीसवर ठरला आणि सगळी कचेरी सुखी झाली. इतकं भयानक सुख मी आधी पाहिलं नव्हतं.

तहाच्या पहिल्या दिवशी अकरा वाजले. मी मान खाली घालून बसलो होतो. तर समोर बाई.

“किती केलंय?” आवाज अगदी हळू.

“पंचवीस.”

“हं.” त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, “ती लोकर कधीपासून?”

विनोद करायला जागा होती. मी केला नाही. “आठ वर्षं,” म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. टेबलाच्या कडेवरची धूळ बोटानं पुसत राहिल्या. “लेक बोलावतेय पुण्याला,” त्या म्हणाल्या. “नोकरी सोड म्हणते, माझ्याजवळ ये म्हणते. तिथं काय, सगळेच मराठी बोलतात. वाण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत.” मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “जाऊ का हो?”

रसिकहो, मी जन्मभर गोष्टी सांगत आलो. लग्नाघरी, बाराव्याला, बँकेच्या रांगेत, कुठंही मला उभं करा, माणसं हसतात. त्या क्षणी मला एकच शब्द बोलायचा होता. “नका” एवढाच. त्या शब्दाला नाटक लागत नव्हतं, हातवारे लागत नव्हते, आणि बहुधा म्हणूनच तो मला जमला नाही. मी हात पसरले, मान झुकवली आणि म्हणालो, “जरूर जा! पुण्याची हवाच अशी की एसीची गरज नाही. शत्रूला आमच्या शुभेच्छा!”

त्यांनी टेबलाच्या कडेवरचं बोट उचललं. मग हसल्या, मला बरं वाटावं म्हणून. “बरं, रावसाहेब,” म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

निरोपाच्या दिवशी मॅनेजरनी मला विचारलं, तुमच्यात काय देतात? मी म्हणालो, शाल आणि नारळ. भाईसाहबांनी सगळ्यांच्या देखत बाईंच्या खांद्यावर शाल घातली. बाई म्हणाल्या, “अब दे रहे हैं भैया? आठ साल कहाँ थे?” सगळे हसले, भाईसाहबांनी मात्र तोंड फिरवून चष्मा पुसला. नारळ मी दिला. तो घेताना त्या हळूच मराठीत म्हणाल्या, “विस्तव कमी करायला विसरू नका. मोहरी जळते.” मी हिंदीत भाषण केलं. फार रंगलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात काय बोललो ते मला आठवत नाही.

त्या गेल्याला आता वर्ष होत आलं. सणासुदीला फोन येतो. तिकडे छान आहे, नातू झालाय, संध्याकाळी बागेत जातात. शाल म्हणतात आता. मागच्या फोनवर शाल म्हणाल्या, मी लक्ष देऊन ऐकलं.

झोताखालच्या त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. तिथं आता प्रिंटर ठेवलाय. मी मात्र अजून अकराला पाच कमी असताना अठरा करतो. कशासाठी ते मला विचारू नका. कचेरीतल्या दोन तरुण मुली जाकीट चढवत म्हणतात, “सर, थोड़ा कम कर दीजिए न।” मी लगेच करतो. भांडण होत नाही. गोड मुली आहेत, सर म्हणतात, थँक्यू म्हणतात. अकरा वाजून एक मिनिटानं सगळं शांत होतं.

गेल्या मंगळवारी त्या दोघी रजेवर होत्या. मॅनेजर आपल्या खोलीत बैठकीला गेले. मी सवयीनं अठरा केलं आणि आत बंडी खाली ओढली. भाईसाहबांना दोन दिवस ताप होता, तरी आले होते. गमछा डोक्याला गुंडाळून बसले होते. घड्याळात अकरा झाले. मी मान वर करून प्रिंटरकडे बघितलं, रोज बघतो तसं. पलीकडे खुर्ची करकरली. भाईसाहब उठले, गमछा आवळत माझ्या टेबलापर्यंत चालत आले, कमरेवर हात ठेवले, आणि ज्या माणसाच्या तोंडून मी आजवर मराठीचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, तो भर कचेरीत माझ्यावर ओरडला:

“अहो, किती केलंय? माणसं बसलीत इथं, मटार नाहीत!”